लवंगी नर निघाला

कोल्हापूर,
रविवार, ३० जून

अहो,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत. घरात तीन जीव वाढलेत. घाबरू नका, माझे नव्हेत. मिसळला पिल्लं झाली.

पत्र बघून चक्रावला असाल. काय करणार? फोनवर मी बोलायला लागले की तुम्ही 'हं, हं' करता आणि मागून मशीनचा खडखडाट येतो. आवाज रेकॉर्ड करून पाठवावा तर तुम्ही तो खोलीतल्या चौघांसमोर स्पीकरवर लावता. घरच्या ग्रुपवर लिहायची तर सोयच नाही, तिथं तुमच्या आत्यापासून मावसभावापर्यंत सगळे टपलेले. तुमच्या कंपनीचे इंगवले उद्या राजकोटला परत निघालेत, त्यांच्याजवळ तुमचं भडंग देतेय आणि त्याच पिशवीत हे पाकीट. चिकटवलंय. एकट्यानं वाचा.

तर मुद्दा असा, की तुमच्या पूर्णिमाताईंनी शर्वीच्या वाढदिवसाला कबनूरहून ज्या दोन 'बहिणी' आणून दिल्या, त्यातली एक भाऊ निघाली. लवंगी नर आहे. मी तेव्हाच विचारलं होतं, आठवतं का? केक कापायच्याही आधी विचारलं होतं. ताई म्हणाल्या, "तेजू, दुकानदारानं उलटं करून बघूनच दिलंय की. दोन्ही बी पोरीच हायत. गिनी पिगात तुला काय कळतंय?" मला काही कळत नव्हतं हे खरं, पण त्या दुकानदाराला तरी काय कळत होतं? त्यानं पोटावरची लव बघितली असणार आणि दिलं ठोकून.

मिसळ फुगायला लागली तेव्हा माई म्हणाल्या, अंगाला लागतंय चांगलं. मला राहवेना. पतसंस्थेतून येताना लागते त्या पाचव्या गल्लीत नवीन जनावरांचा दवाखाना झालाय, तिथे दोघींना टोपलीत घालून घेऊन गेले. डॉक्टरीणबाई मुबशिरा म्हणून आहेत, अगदी तरुण. त्यांनी लवंगीला एका तळहातावर पाठीवर निजवलं, दुसऱ्या हाताच्या बोटानं पोटाच्या खाली अगदी हळू दाबलं, आणि जे दिसायचं ते दिसलं. अवनी माझ्या शेजारी उभी. म्हणाली, "आई, हा लवंगी आहे, ही लवंगी नाही." सगळा दवाखाना हसला. मला हसू आलं नाही. बाईंनी मिसळचं पोट चाचपलं आणि म्हणाल्या, आज घरी गेल्या गेल्या दोघांना वेगळं करा, कारण ही ज्या दिवशी विते त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते.

त्याच दिवशी! अहो, मी येतानाच किराणावाल्याकडून एक रिकामं खोकं मागून घेतलं.

लवंगीला वेगळ्या खोक्यात घातलं. मिसळ मागच्या आठवड्यात व्याली. पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे, अर्ध्या दिवसात कोथिंबीर कुरतडायला लागली. शर्वी खोक्यापासून हलत नाही. मग पुन्हा दवाखाना, कारण ही इतकी लहान असताना कोण काय हे ओळखणं अवघड. बाईंनी मलाच शिकवलं. मादीला खाली इंग्रजी वायसारखी रेघ दिसते, नराला नुसता ठिपका, आणि दाबल्यावर बोटाखाली एक बारीक काडी लागते. चुकलं तर पुन्हा आठवड्यानं बघायचं, बघत राहायचं. दोन माद्या, एक नर. मुलींनी नराचं नाव फरसाण ठेवलंय.

आता खरी गंमत ऐका. बाईंनी सांगितलं, तीन आठवड्यांचा झाला की हा आईपासून आणि बहिणींपासून वेगळा करायचा, एक दिवसही उशीर नको. हे मी घरी येऊन सांगितलं मात्र, आण्णांनी पेपर उचलला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. माई माझ्या अंगावर धावूनच आल्या. "काय बी अभद्र बोलायलीस! लेकरू हाय ते तिचं. आईला काय करतंय?" मी म्हटलं, माई, ते जनावर आहे. "जनावर असलं म्हणून काय झालं? आपल्या घरातलं हाय की." तुम्हाला ठाऊकच आहे, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिण्यापलीकडे माईंचा जनावरांशी जन्मात संबंध आलेला नाही. त्यांना कोण समजावणार? तुम्ही समजवाल म्हणावं, तर तुमचं 'हं, हं'.

मागच्या वेळी निघताना ओट्यापाशी उभं राहून, बॅगेची चेन लावता लावता तुम्ही जे बोललात, त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही. ऐकलं नाही असं समजू नका.

अवनीला गणितात चांगले मार्क पडलेत. शर्वीला जरा सर्दी आहे. तब्येतीला जपा, तिकडच्या गोडाला सांभाळा.

तेजस्वी


कोल्हापूर,
रविवार, २२ सप्टेंबर

अहो,

नमस्कार. गणपतीची तुमची सुट्टी संपून तुम्ही पोचलात, गाडीत झोप लागली, हे सगळं ग्रुपवर वाचलं. मला वेगळं काही आलं नाही.

आधी बातमी देते. मिसळ पुन्हा गाभण आहे. कुणापासून ते मी लिहिणार नाही, तुमचं तुम्ही ओळखा. अभद्र बोलते म्हणून घरात एकदा बदनाम झालेय.

फरसाणला मी वेळेवर वेगळं केलं होतं. रोज सकाळी कामावर जाताना तीन खोकी नीट बघून जायची: एकात मिसळ आणि तिच्या दोन पोरी, एकात लवंगी, एकात फरसाण. रोज संध्याकाळी परत आले की तशीच दिसायची. परवा पतसंस्थेचं सर्व्हर बंद पडलं म्हणून दुपारीच घरी आले, तर फरसाण मिसळच्या कुशीत, आणि माई पाटावर बसून त्याला काकडी भरवतायत. त्यांनी त्याचं नाव राजा ठेवलंय. "मीच ठेवलो त्याला तिच्यात. दिवसभर एकटं चिरकतंय बिचारं, बघवत न्हाय. तू यायच्या आत काढतो की परत." काढतो! रोज! महिनाभराहून जास्त हा खेळ चाललाय. आण्णांना ठाऊक होतं. शेजारच्या मेहमुदाभाभींना ठाऊक होतं, त्या बिचाऱ्या गवत द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्यासुद्धा होत्या, "माई, बोकडाला आमी पन आईपास्नं लांबच बांधतो की." माईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

आणि त्या दोन पोरी? मिसळच्या? त्या नव्हत्याच खोक्यात. एक आण्णांच्या मित्राच्या नातीला आणि दुसरी दूध घालणाऱ्याच्या घरी. मला विचारलं नाही, मुलींना विचारलं नाही. माई म्हणाल्या, "पोरी काय, आज ना उद्या जायच्याच. चांगलं घर बघून दिलो." रात्री जेवताना अवनीनं मला विचारलं, मी मोठी झाले की मला पण असंच न विचारता देणार का. मी तिच्या पानात भात वाढला. तुम्ही असतात तर काय वाढलं असतं?

म्हणजे बघा, ज्यांनी आईजवळ राहायचं त्यांना दिलं घालवून, आणि ज्याला लांब ठेवायचं त्याला बसवलं कुशीत. मी माईंवर ओरडले. हो, पहिल्यांदाच ओरडले. गल्लीनं ऐकलं.

मुबशिराबाईंनी मिसळला तपासलं. इतक्या लवकर दुसरं बाळंतपण, अंगात काही उरलेलं नाही, म्हणाल्या. ढबू मिरची द्या, ताजं गवत द्या, वजन बघत राहा, आणि अडली तर वेळ न घालवता घेऊन या. आणि पुन्हा हे नको असेल तर नरांचं ऑपरेशन करून टाका. मादीचं पोट फाडावं लागतं, जिवाला धोका जास्त. नराचं त्या मानानं सोपं. त्यानंतरही काही आठवडे त्याला लांबच ठेवायचं, एवढं पथ्य.

हेच मी गणपतीत तुमच्यासमोर लवंगीबद्दल बोलले होते. तेव्हा तुमचा चेहरा काय झाला होता, अहो! "राहू दे की, मुक्या जिवाला कशाला त्रास?" म्हणत तुम्ही त्याला मांडीवर घेतलंत आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसलात. मुक्या जिवाची तुम्हाला इतकी दया. मी बोलते हाच माझा दोष असावा.

बरं, आता ते लिहितेच. मागच्या पत्रात टाळलं होतं.

गौरी जेवल्या त्या दिवशी, सगळी पानं उठल्यावर, पूर्णिमाताईंनी मला आत बोलावलं. दार लोटलं. म्हणाल्या, "एकदाच बघ तेजू. आणि भ्यायचं कारण न्हाय, पलीकडं कर्नाटकात बघून सांगणारा हाय एकजण, गाडीत मशीन घेऊन येतोय. पोरगा असला तर ठेवायचं." मी विचारलं, आणि नसला तर? ताई बांगड्यांशी खेळत बसल्या. त्यांच्या स्वतःच्या दोन मुली बाहेर अवनीबरोबर झिम्मा खेळत होत्या. मी दार उघडून बाहेर आले तर तुम्ही समोरच पाटावर, खाली मान घालून पानाला चुना लावत होतात. तुम्हाला ठाऊक होतं आत काय चाललंय ते. ओट्यापाशी तुम्ही म्हणालात तेही हेच होतं, फक्त गोड करून: "माईंची इच्छा आहे, एकदा विचार कर."

कशाचा विचार करू? शर्वीच्या वेळी वार आत चिकटून बसली, रक्त थांबेना, तुमच्या मित्रांनी रक्तपेढीत रांग लावली. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं की पिशवी दोन्ही वेळच्या टाक्यांनी पातळ झालीय, पुढचं बाळंतपण झालं तर बाईची खात्री देत नाही. आत्ताच माझं ऑपरेशन करून टाकू का असंही त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, नंतर बघू. हे मला तुम्ही नाही सांगितलंत. टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना वाटलं मला ठाऊकच आहे.

घरी येऊन विचारल्यावर तुम्ही रडलात. माईंना एवढ्यात सांगू नको म्हणालात, त्यांना बीपी आहे, मी हळूहळू सांगतो. शर्वी आता शाळेत जायला लागली. तुमचं 'हळूहळू' अजून उंबऱ्यातच आहे. माई दर सणाला माझी ओटी भरताना नारळ जरा जास्त वेळ हातात धरतात, देवाचं नाव घेतात, आणि मी गप्प बसते. तुमच्यासाठी गप्प बसते. माझा राग माईंवर निघतो, पण त्यांना काही ठाऊकच नाही. तुम्हाला सगळं ठाऊक आहे.

सध्या एवढंच. हात दुखायला लागला.

तेजस्वी


कोल्हापूर,
रविवार, २० ऑक्टोबर

अहो,

मिसळ गेली.

शुक्रवारी सकाळपासून ती कोपऱ्यात पाठ वाकवून बसली होती. गवताला तोंड लावेना. मी रजा टाकली, टोपलीत घालून धावत दवाखान्यात गेले. माई म्हणाल्या मी पण येतो. चप्पल उलटसुलट घालून त्या माझ्यामागून पाचव्या गल्लीपर्यंत चालत आल्या, गुडघे दुखतात हे विसरून. मुबशिराबाईंनी पुष्कळ प्रयत्न केले. पहिलं पिल्लू आडवं होतं. दोन पिल्लं मेलेली निघाली, एक जिवंत. मिसळनं त्याला चाटायचा प्रयत्न केला, दोनदा जीभ लावली आणि मान टाकली.

माई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाईंना म्हणाल्या, "एवढं चांगलं खात होती की. असं कसं झालं?" बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं. पहिल्यातून सावरायच्या आत दुसरं आलं. अंगात ताकद राहिली नव्हती. पोरगा वेगळा राहिला असता तर जगली असती. बाईंना ठाऊक नव्हतं कुणी काय केलं ते, त्या आपल्या सरळ बोलत होत्या. माईंनी पदर तोंडाला लावला.

घरी आलो. मुली शाळेत होत्या, आण्णा बँकेत. माई तशाच बसून राहिल्या स्वयंपाकघरात, हातात ते जिवंत पिल्लू पंच्यात गुंडाळून. मग एकदम म्हणाल्या, "मीच मारलो तिला. चांगलं व्हावं म्हणून केलो, आणि मारलो." माझ्या मनात होतं की म्हणावं, हो, तुम्हीच. परवापर्यंत म्हटलंही असतं. पण त्यांच्याकडे बघितलं आणि सगळा राग त्यांच्यावरून सरकून कुठल्या कुठे, थेट राजकोटला गेला.

मी सांगितलं त्यांना. सगळं. वार, रक्त, पातळ पिशवी, डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात. ताई गौरीत काय बोलल्या तेही. तुम्हाला दिलेला शब्द मोडला आणि मला त्याचं तिळमात्र वाईट वाटत नाही. तो शब्द तुम्ही माझ्याकडून मागायलाच नको होता.

त्यांचं बीपी काही वाढलं नाही. उठल्या, माझ्याजवळ आल्या, आणि माझ्या पोटावर, साडीवरूनच, टाक्यांच्या जागी हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला कधी असा हात लावला नव्हता. "एवढं झालतं, आणि मी तुला दर सणाला नारळ देत बसलतो? तुला राग कसा आला न्हाय गं माझा?" आला होता, म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो. खूप रडलो. दुपारचं जेवण कुणी केलं नाही.

संध्याकाळी पूर्णिमाताईंचा फोन आला, दिवाळीला केव्हा येऊ म्हणून. माईंनी तो माझ्यासमोर घेतला. "ये की दिवाळीला. पण परत त्या पलीकडच्या माणसाचं नाव या घरात काढलीस तर तुझं माहेर तुटलं म्हणून समज," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग कढीत मीठ घातलं का म्हणून मला विचारलं.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. आज सकाळीच फरसाणला भाजी घालताना त्या म्हणत होत्या, घरात एक राजा असता तर बरं झालं असतं. हा राजा तर त्यांच्या पुढ्यातच होता, मग कोणत्या राजाबद्दल ते मी विचारलं नाही. माणसाच्या मनातलं एका दिवसात निघत नाही. पण मिसळचं पिल्लू मी तळहातावर उलटं घेतलं, खाली बोट लावून बघायला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "नको बघूस. आता वेगळं करायला आई हाय कुठं त्याला?" खरंच होतं. मी ते तसंच त्यांच्या ओच्यात परत ठेवलं. त्या ड्रॉपरनं दूध पाजतायत, मुबशिराबाईंनी सांगितलेलं.

लवंगी आणि फरसाण दोघांचं ऑपरेशन काल झालं. आण्णा स्वतः घेऊन गेले, पेपर घरी ठेवून. दोघेही मजेत आहेत, संध्याकाळी गाजर खाल्लं. माईंनी देऊन टाकलेल्या त्या दोन पोरींच्या घरीही आम्ही जाऊन आलो. दूधवाल्यांकडे तिच्याबरोबर अजून एक ठेवलंय, तीही 'बहीण' आहे म्हणाले. मी तिथेच उलटं करून बघितलं. भाऊ होता. त्यांना वेगळं करायला लावूनच उठले.

आता तुमचं.

दिवाळीला याल तेव्हा आदल्या सोमवारी सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या नसबंदीचा दिवस असतो, मी जाऊन विचारून आलेय. टाका नाही, चिरफाड नाही, त्याच दिवशी घरी. पुढे काही आठवडे पथ्य आणि मग एक तपासणी. माझं पोट तिसऱ्यांदा फाडण्यापेक्षा सोपं आहे. मुक्या जिवाला त्रास नको म्हणाला होतात ना? मी मुकी नाही, म्हणून सांगतेय. विनंती करतेय असं वाचू नका. हे होईपर्यंत मी मुलींच्या खोलीत झोपणार आहे, आणि हे मी माईंना सांगून टाकलंय. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय."

पण माझं हे सगळं एका बाजूला ठेवा. कारण काल रात्री झोपायला जाताना माई माझ्या दारात थांबल्या. पिल्लू ओच्यातच होतं. म्हणाल्या, "पोरी, सम्राटला सगळं ठाऊक होतं म्हणतीस. मग त्यानं मला का सांगिटलं न्हाय गं? मी काय एवढी वाईट हाय?"

मी पिल्लाला पंच्यात नीट गुंडाळून दिलं. मग त्या गेल्या.

या पत्राचं उत्तर मला पाठवू नका. त्यांना पाठवा. फोनवर नाही, ग्रुपवर नाही. त्यांना वाचायला जमतं, मोठ्या अक्षरात लिहा.

वाट बघतायत, तुमच्या आई.

तेजस्वी